पाकिटावर किलोचा भाव छापा : ग्राहक व्यवहार विभागाला खुलं पत्र

प्रति,
सचिव, ग्राहक व्यवहार विभाग,
भारत सरकार, कृषि भवन, नवी दिल्ली

माहितीसाठी प्रत : ग्राहक चळवळीत काम करणारे सर्वजण

विषय : तयार खाद्यपदार्थांच्या पाकिटावरची एकक किंमत (म्हणजे ग्रॅमचा, किलोचा किंवा लिटरचा भाव)

महोदय,

हे पत्र इडलीच्या तयार पिठाबद्दल, मोडाच्या मटकीबद्दल आणि पाकिटावर हा भाव कसा छापायचा याबद्दल आपल्या विभागाने २०२१ साली नियमात केलेल्या एका दुरुस्तीबद्दल आहे. पहिल्या दोन गोष्टी आमच्या स्वयंपाकघरातल्या, तिसरी आपल्या कचेरीतली. पण ती तिसरी नीट झाली असती, तर पहिल्या दोन्हींवरून घराघरात इतकी वादावादी झाली नसती.

मी डोंबिवलीत राहते आणि फोर्टमध्ये एका ऑफिसात अकाउंट्सला आहे. संध्याकाळच्या कल्याणकडे येणाऱ्या गाडीचा लेडीज डबा आपण आतून पाहिला नसेल. मांडीवर पिशवी पसरून तिथे मेथी निवडली जाते, वाटाणे सोलले जातात, लसणाच्या पाकळ्या सुट्या होतात. ठाणं येईपर्यंत एकेकीची उद्याची भाजी तयार असते. अशा डब्यात ‘तयार आणलेलं परवडतं का?’ हा विषय निघाला की लगेच दोन तट पडतात. एकीचं म्हणणं, पंधराच्या वस्तूला पन्नास मोजायचे म्हणजे पैसे वर आलेत का? दुसरीचं म्हणणं, माझ्या वेळेला काही मोल आहे की नाही? दोघी तावातावाने बोलतात आणि आकडे दोघींकडेही नसतात. माझं पोट आकड्यांवर चालतं, म्हणून मी ते मांडायला बसले. खाली दिलेले भाव आमच्या भागातले आणि ढोबळ आहेत. इतरत्र पाच-दहा रुपये इकडेतिकडे होतील.

सुरुवात इडलीच्या पिठापासून करते, कारण ते आता कोपऱ्यावरच्या दुधाच्या दुकानातही मिळतं. किलोभराची पिशवी नव्वदच्या आसपास पडते. घरी तीन वाट्या तांदळाला एक वाटी उडीद धरला, तर किलोभर वाटलेल्या पिठात कोरडं धान्य असतं जेमतेम सव्वाचारशे ग्रॅम. बाकीचं पाणी. तांदूळ पंचावन्न रुपये किलो आणि उडदाची डाळ एकशेचाळीस धरली तर धान्य बत्तीस-तेहेतीस रुपयांचं, वर मिक्सरच्या विजेचा रुपया. म्हणजे पिशवीमागे पंचावन्न रुपये जास्त गेले आणि पंचवीसेक इडल्या झाल्या. त्या पंचावन्न रुपयांत काय मिळालं? धुणं, भिजवणं, वाटणं, मिक्सरचं भांडं तीनदा धुणं आणि ओटा पुसणं. हाताला लागणारा वेळ धरला तर अर्धा तास. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंनाही अर्ध्या तासाचे साधारण एवढेच पडतात. त्यामुळे नव्वद रुपये मला लूट वाटत नाहीत.

पण या हिशेबात एक गोष्ट बसत नाही, आणि मला तीच सगळ्यात मोठी वाटते. इडली रविवारी सकाळी खायची तर शनिवारी सकाळी धान्य भिजत पडावं लागतं. म्हणजे शुक्रवारी रात्री कोणालातरी ते आठवावं लागतं. हे आठवणं कुठल्याच वहीत लिहिलेलं नसतं. सकाळची गाडी, मुलांचा डबा, सासूबाईंच्या गोळ्या आणि त्यात भिजवलेले उडीद. पिशवी विकत आणणारी बाई अर्धा तास तर वाचवतेच, पण त्याहून जास्त ती ‘उद्या काय करायचं’ या विचारातून एक दिवस सुटका विकत घेते. ज्यांना असा विचार कधी करावा लागलेला नाही, त्यांना ती पिशवी महाग वाटते. आपल्याच सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरातलं बिनपगारी काम करणारी बाई त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं आणि ते करणारा पुरुष ८८ मिनिटं घालवतो, असं आलं आहे. २०१९ च्या सर्वेक्षणात हेच आकडे २९९ आणि ९७ होते. पाच वर्षांत बायकांचं दहा मिनिटांचं काम कमी झालं आणि पुरुषांचंही नऊ मिनिटांचं झालं, त्यामुळे फरक जिथल्या तिथेच राहिला. तेव्हा ‘घरी करायला काय लागतं?’ हा प्रश्न घरात नेमकं कोण विचारतं, हेही हिशेबात धरायला हवं.

तयार पदार्थ हे नव्या पिढीचं फॅड आहे असं कोणी म्हणालं तर मला हसू येतं. गिरणगावातला कामगार बायकापोरं गावी ठेवून मुंबईत आला, तेव्हा तो खाणावळवालीकडेच जेवत होता. त्या खाणावळवाल्यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. त्याच्या आधी १९५९ मध्ये गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. तो लिज्जत आज कोणाच्या घरात नाही? गिट्सचं गुलाबजामचं आणि ढोकळ्याचं पीठ पुण्याचं, कंपनी १९६३ ची. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, कुरडया, सांडगे, यांतलं किती आपण हल्ली घरी करतो? पापड विकत आणला म्हणून आज कोणी सुनेला नावं ठेवत नाही. एके काळी ठेवत असत. तयार घेण्याची लाज पदार्थागणिक एकेक करत गळून पडली आहे. सध्या पोळीची पाळी आहे.

पोळीचाही हिशेब करून टाकते. पोळी-भाजी केंद्रात पोळी दहा रुपयांना. वीस पोळ्यांचे दोनशे. घरी कणीक, तेल, गॅस धरून पन्नास-पंचावन्न. दीडशेचा फरक आणि मळण्यापासून पोळपाट धुऊन ठेवेपर्यंत एक तास. रोज घेतल्या तर महिन्याला साडेचार हजार जास्तीचे जातात. हे आमच्यासारख्या घराला झेपणारं नाही, पण परीक्षेच्या किंवा पाहुण्यांच्या आठवड्यात खुशाल घ्याव्यात. इथे एक गंमत आहे, ती आपल्या नाही, शेजारच्या अर्थखात्याची. २२ सप्टेंबर २०२५ पासून तयार चपाती आणि पराठ्यावर जीएसटी शून्य झाला. त्याआधी पराठ्यावर १८ टक्के होता आणि ‘पराठा म्हणजे पोळी नव्हे’ असा निवाडा अधिकाऱ्यांनी लिहून दिला होता. मात्र पाकीटबंद कणकेवर जुलै २०२२ मध्ये लागलेला पाच टक्के कर तसाच आहे. म्हणजे लाटून भाजलेली पोळी करमुक्त आणि घरी येऊन मळणाऱ्या बाईच्या कणकेच्या पाकिटावर कर.

आता ज्या वस्तूला जादा पैसे द्यायला मला कधीच जड जात नाही, तिच्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते. वालाचं बिरडं. कडवे वाल रात्री भिजवायचे, दुसऱ्या दिवशी फडक्यात बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा चिमटीत धरून सोलायचा. जोर जास्त झाला की डाळिंबीचे दोन तुकडे होतात आणि मोडही तुटतो. पावशेर वाल सोलायला सवयीच्या हाताला अर्धा तास लागतो आणि बिनसवयीच्या हाताला संध्याकाळ. दादरच्या, ठाण्याच्या बाजारात बायका हे सोललेले वाल घेऊन बसतात. काहीजणी रायगडातून पहाटेच्या गाडीने येतात. वाटा घेतला की वालाच्या कोरड्या भावाच्या तिप्पट-चौपट पैसे जातात. पण त्या पैशांत कारखाना नाही, जाहिरात नाही, चकचकीत पिशवी नाही. जे आहे ते तिच्या बोटांचं काम आहे आणि ते माझ्या डोळ्यांदेखत चाललेलं असतं. गिऱ्हाईक नसलं की ती तिथेच बसून पुढचे वाल सोलते. घासाघीस करणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. त्यांनी एकदा स्वतः पावशेर सोलावेत आणि मग भाव विचारावा.

हीच गोष्ट खवलेल्या नारळाची, साफ केलेल्या करंदीची, कापून दिलेल्या कच्च्या फणसाची. फणस घरी कापणं म्हणजे विळीला तेल, हातांना तेल आणि तरीही आठवडाभर सुटणारा चीक. कोणी तो कापून देत असेल तर त्याचे उपकार मानून पैसे द्यावेत.

याच्या अगदी उलट टोकाला मोडाची मटकी आहे. कोरडी मटकी किलोला एकशेवीस-एकशेतीस. मोड आल्यावर ती दुपटीहून जास्त भरते, म्हणजे घरची मोडाची मटकी किलोला साठच्या आत-बाहेर पडते. बाजारात पावशेराची पिशवी तीस रुपयांना, म्हणजे किलोला एकशेवीस. दुप्पट. आणि इथे श्रम कसले? मटकी पाण्यात पडून राहते आणि फडक्यात लटकते. मोड तिचे तिलाच येतात. विकणारा आपल्याला मुख्यतः नळाचं पाणी विकतो. बरं, हे पाणी पिशवीवर लिहिलेलं नसतं. ‘निव्वळ वजन २५० ग्रॅम’ एवढंच असतं, आणि कायद्याला तेवढं पुरतं.

पाण्याचा हा प्रश्न इडलीच्या पिठात आणखी वाढतो. समजा दुकानात दोन पिशव्या आहेत, दोन्ही किलोच्या. एक नव्वदची, एक ऐंशीची. नव्वदवालीत ४३० ग्रॅम धान्य आहे, ऐंशीवालीत ३५०, कारण ती पातळ आहे. धान्याच्या हिशेबाने पहिली पडली किलोला २०९ रुपये आणि दुसरी २२९. स्वस्त म्हणून उचललेली पिशवी महाग निघाली, आणि हे घरी आणून डोशाचं पीठ तव्यावर ओतेपर्यंत कळायची सोय नाही. तयार ग्रेव्ही आणि आलं-लसूण पेस्टचंही तेच. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यायची असा अन्नसुरक्षेचा नियम आहे, तो चांगलाच आहे. पेस्टच्या यादीत पाणी किंवा मीठ कितव्या नंबरवर आलंय ते त्यामुळे दिसतं. बाटलीवर लसणाचं चित्र असलं तर लसूण किती टक्के तेही लिहावं लागतं. २०२४ मध्ये लसूण किलोला चारशेच्या वर गेला होता. अशा वेळी स्वस्तातली पेस्ट हाती लागली, तर आनंद मानण्याआधी ती टक्केवारी वाचावी.

तयार ते महागच, असंही नाही, आणि हे आमच्या डब्यातल्या पहिल्या पक्षाला पटवणं सगळ्यात अवघड जातं. गहू आणून, निवडून, गिरणीत टाकून घेतला तर चांगल्या गव्हाचे पंचेचाळीस आणि दळणाचे सात-आठ रुपये होतात. पाच किलोच्या कणकेच्या पिशवीत किलो जवळपास तेवढ्यालाच पडतो, कधी दोन रुपये कमीही. कंपनी गहू वाघिणी भरून घेते आणि आपण दहा किलो घेतो, भावातला फरक तिथेच मिटतो. गिरणीची चव वेगळी असते हे मला मान्य आहे, आमच्याकडे अजून गिरणीचंच पीठ येतं. पण ती चव आहे, बचत म्हणून तिचं नाव घेऊ नये. मटारचं तसंच. जानेवारीत शेंगा चाळीस-पन्नासला किलो मिळतात, सोलल्यावर निम्मे दाणे निघतात, म्हणजे दाणा शंभरच्या आत. तेव्हा गोठवलेला मटार घेण्यात अर्थ नाही. मे महिन्यात शेंगाच दीडशेच्या पुढे जातात, दाणा तीनशेच्या वर पडतो, आणि जानेवारीत गोठवलेलं पाकीट तेव्हा त्याच्या निम्म्या भावात मिळतं. ज्या दिवशी पाकीट परवडतं त्या दिवशी शेंगा सोलत बसण्यात काही पुरुषार्थ नाही.

आणि पाकीटबंद डाळ-भात, पनीर वगैरे जे नुसतं गरम पाण्यात ठेवून खायचं, त्याचं मूळ तर लष्करात आहे. म्हैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेने जवानांसाठी हे तंत्र बसवलं : ॲल्युमिनियमचा थर असलेल्या पिशवीत शिजलेलं अन्न भरायचं, सीलबंद करून दाबाखाली १२१ अंशांच्या आसपास तापवायचं, मग ते कुठलंही परिरक्षक न घालता महिनोन्महिने टिकतं. जिथे चूल पेटत नाही तिथे याला तोड नाही. परदेशात शिकायला जाणाऱ्या मुलांच्या बॅगेत म्हणूनच ती पाकिटं असतात. पण ओट्यावर दोन बर्नरचा गॅस असताना ३०० ग्रॅमचं पनीरचं पाकीट दीडशेला आणायचं आणि मागे पाहिलं तर पनीर वीस टक्के, म्हणजे साठ ग्रॅम, पंचवीस रुपयांचं, हे मला परवडत नाही आणि पटतही नाही.

इतका वेळ मी गिऱ्हाइकाची बाजू सांगितली. आता आपल्या खात्याची.

२०२१ च्या नोव्हेंबरात आपण वैध मापन शास्त्र (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ यांत दुरुस्ती केली. तिने दोन गोष्टी केल्या. पहिली, ठरावीक वस्तू ठरावीक वजनाच्याच पाकिटात विकायच्या ही सक्ती उठवली. चहा, बिस्किटं, तेल, पीठ, तांदूळ, डाळी, मीठ असे एकोणीस प्रकार त्या नियमांच्या परिशिष्टात होते. त्यामुळे पूर्वी दोन कंपन्यांची पाव किलो चहाची पाकिटं समोरासमोर ठेवली की नुसती किंमत पाहून महाग-स्वस्त कळायचं. आता एक पाकीट २३५ ग्रॅमचं, दुसरं २६० चं असू शकतं. दुसरी गोष्ट, या बदल्यात गिऱ्हाइकाला तुलना करता यावी म्हणून पाकिटावर एकक किंमत छापणं सक्तीचं केलं. सौदा कागदावर न्याय्य होता. वजनाचं स्वातंत्र्य कंपनीला, भावाची माहिती गिऱ्हाइकाला.

पण माहिती कशी द्यायची, ते पाहा. पाकीट एक किलोपेक्षा कमी असलं तर भाव ग्रॅमला छापायचा, जास्त असलं तर किलोला, आणि दशांशानंतर दोनच आकडे. मी हे प्रत्यक्ष पोह्यांवर मांडून दाखवते. गरम पाणी ओतून खायच्या पोह्यांचा ८० ग्रॅमचा कप, किंमत ५० रुपये. त्यावर छापायचं : ग्रॅमला ०.६३ रुपये. शेजारी जाड पोह्यांची अर्धा किलोची पिशवी, ३५ रुपयांची. तिच्यावर : ग्रॅमला ०.०७ रुपये. खालच्या फळीवर दोन किलोची पिशवी, १३० रुपयांची. तिच्यावर : किलोला ६५ रुपये. आता चष्मा विसरलेल्या बाईने या तिघांतलं सगळ्यात महाग कोणतं ते सांगावं. पहिल्या झटक्यात नजर ६५ वर जाते आणि कपावरचे त्रेसष्ट पैसे पोरांच्या गोळीचे वाटतात. खरं तर तो कप किलोला ६२५ रुपयांनी जातोय, अर्धा किलोची पिशवी ७० ने आणि मोठी ६५ ने. नऊपट फरक आहे आणि तो आपल्याच नियमाने पैशांच्या अपूर्णांकात दडवून ठेवलाय.

त्या कपाला माझा विरोध नाही. वसतिगृहातल्या मुलीने तो घ्यावा, रात्रपाळीच्या नर्सने घ्यावा. घरी कांदेपोहे बारा-पंधरा रुपयांत होतात हे खरं, पण त्यासाठी आधी कढई हवी. फक्त ६२५ हा आकडा तिच्यासमोर असावा आणि मग तिने ठरवावं. आयुष्यात ग्रॅमने पोहे कोणी घेतलेत? ग्रॅमचा भाव आम्हाला सोन्याचा कळतो, फार तर केशराचा. भाजीवाला पावशेराचा भाव सांगतो, वाणी किलोचा, आणि आमच्या डोक्यातलं महाग-स्वस्त त्याच मापात चालतं.

युरोपात १९९८ च्या निर्देशापासून दुकानात किलोचा किंवा लिटरचा भाव लावावा लागतो. जर्मनीत लहान पाकिटांना शंभर ग्रॅमचा भाव लावायची सवलत होती. २०२२ च्या मे महिन्यात तीही काढली आणि एकच माप ठेवलं, किलो नाहीतर लिटर. माझी मावसबहीण तिथे असते. मेतकुटाला आणि भाजणीला ती आमच्याकडे बघते, पण भावाची पाटी वाचायला तिला कॅल्क्युलेटर लागत नाही. जे आपण २०२१ मध्ये अर्धं केलं, ते तिथे पूर्ण झालं, इतकाच फरक. त्यासाठी नवा कायदा नको, नवं खातं नको. नियमातला ग्रॅमचा उल्लेख खोडून तिथे किलो लिहायचं.

हे किरकोळ वाटत असेल तर दुसऱ्या एका सरकारी आकड्याकडे पाहावं. २०२३-२४ च्या कुटुंब खर्चाच्या सर्वेक्षणात शहरी घराच्या एकूण खर्चापैकी ११ टक्क्यांहून थोडा अधिक भाग पेयं, तयार आणि प्रक्रिया केलेलं खाणं यांवर जातो. खाण्याच्या सगळ्या प्रकारांत हा सर्वात मोठा, आणि धान्यांवरच्या खर्चाच्या दुपटीहून जास्त. गावांतही हा वाटा दहा टक्क्यांच्या जवळ पोचलाय. इतका पैसा ज्या वस्तूंवर जातो, त्यांचा भाव मात्र आम्ही ज्या मापात विचार करतो त्या मापात लिहिलेला नाही.

दहा मिनिटांत सामान आणणाऱ्या ॲपवर तर आणखी एक पायरी चढावी लागते. पाकिटाचं तोंड दिसतं, पाठ तिसऱ्या-चौथ्या फोटोत असते आणि तो फोटो वाढवला की अक्षरं फुटतात. ‘कमी किमतीपासून’ अशी क्रमवारी लावली की सगळ्यात लहान पाकीट वर येतं, जे बहुधा किलोला सगळ्यात महाग असतं. शिवाय हाताळणीचे, पोचवण्याचे, लहान ऑर्डरचे, पावसाचे पैसे. कापलेल्या भोपळ्याच्या पाकिटावर इतके थर चढले की भोपळा त्यात कुठेतरी असतो एवढंच म्हणायचं.

तेव्हा माझी मागणी अशी. खाण्याच्या प्रत्येक पाकिटावर, ते ८० ग्रॅमचं असो वा पाच किलोचं, भाव किलोला किंवा लिटरला छापावा. तो कमाल किमतीच्या (एमआरपीच्या) शेजारी आणि तेवढ्याच मोठ्या अक्षरात असावा. सध्या तो तारखेच्या आणि बॅच क्रमांकाच्या गर्दीत, पाकिटाच्या शिवणीवर सापडतो. वाटलेलं पीठ, मोडाची कडधान्यं, पेस्ट, ग्रेव्ही यांवर पाणी सोडून आत किती माल आहे तेही लिहावं. रसगुल्ल्याच्या डब्यावर पाक वगळून वजन लिहिता येतं, तर डोशाच्या पिठावर धान्याचं वजन लिहायला कारखान्याला काय अडचण आहे? पीठ करताना त्यांनी ते मोजलेलंच असतं. आणि ॲपवर एकक किंमत पहिल्याच चित्राखाली दिसावी, तिच्यावरून क्रम लावता यावा.

कंपन्यांना यात तोटा आहे असं मला वाटत नाही. ज्यांचं पीठ घट्ट आहे त्यांचं ते दिसेल. बचत गटाच्या बायका भाजणी विकतात, त्यांना मोठ्या नावाशेजारी आपला भाव दाखवता येईल. अडचण होईल ती फक्त पाणी विकणाऱ्यांची.

आणि आमच्या डब्यातल्या दोन्ही पक्षांचीही सोय होईल. एखादीने ६२५ रुपये किलोचे पोहे डोळे उघडे ठेवून घेतले, तर मग तिला कोणी काही बोलायचं कारण उरणार नाही, तिच्या सासूबाईंनीही नाही.

सोबत काही रिकामी पाकिटं धुऊन, वाळवून जोडली आहेत. एकक किंमत कुठे छापली आहे ते मी मुद्दाम खूण करून दाखवलेलं नाही. आपल्या कार्यालयात कोणाला तरी ती शोधायला सांगावं, आणि किती वेळ लागला ते उत्तरात कळवावं.

आपली,
एक ग्राहक
डोंबिवली (पूर्व)